पावसाळ्यात सातेरीची पेटी: कधी उघडायची, किती साखर द्यायची

मधमाश्यांना साखरेचा पाक कधी द्यायचा हे शोधायला गेलं की हिवाळ्याची तयारी वाचायला मिळते. बर्फ, पेटीला बांधायची उबदार आवरणं, एकेका वसाहतीला पंधरा-वीस किलो मधाचा साठा. ही माहिती खोटी नाही, पण ती थंड देशांतली आणि मेलिफेरा या युरोपीय माशीची आहे. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या उंच भागात ती उपयोगी पडते. सह्याद्रीतल्या सातेरीला, म्हणजे पेटीत पाळायच्या आपल्या देशी मधमाशीला, ती जशीच्या तशी लावली तर नुकसान होतं, कारण तिचा खडतर काळ थंडीत नसतो. दिवाळीनंतर घाटमाथ्यावर ऊन असतं, फुलं असतात, माश्या कामावर जातात. महाबळेश्वर-जावळीपासून आंबोली-चंदगडपर्यंत पेट्या रिकाम्या होतात त्या जून ते सप्टेंबरमध्ये.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. मार्चपासून जांभूळ, हिरडा, गेळा अशी झाडं एकामागून एक फुलतात, मे अखेरीस हा बहर सरतो आणि लगेच पाऊस लागतो. मग वसाहतीवर तीन संकटं एकदम येतात. रानात मकरंद नसतो. जो थोडा असतो तो पावसाने धुऊन जातो आणि आणायला बाहेर पडायची सोय नसते. तिसरं संकट दमट हवेचं, आणि नवशिक्याचं नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. उपाशी पेटीला साखर देऊन वाचवता येतं. पण ओल, बुरशी आणि पोळं खाणारा मेणकिडा यांनी पोखरलेल्या पेटीला कितीही साखर द्या, वसाहत ती सोडून निघून जाते. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: आधी पेटीतली जागा कमी करायची, मग खायला द्यायचं.

जागा कमी करायची म्हणजे काय? माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेलं पोळं सुरक्षित असतं. त्यावर मेणकिड्याचा पतंग अंडी घालायला धजत नाही, बुरशी धरत नाही आणि पिल्लांना लागणारं ३३ ते ३५ अंश तापमान थोड्या श्रमात राखता येतं. मे महिन्यात आठ चौकटींवर (चौकट म्हणजे जिच्यात पोळं बांधलं जातं ती लाकडी फ्रेम) पसरलेल्या माश्या जुलैत पाच चौकटींपुरत्या उरतात. उरलेल्या तीन चौकटी पेटीतच राहिल्या तर त्या उघड्या पडतात. मेणकिडा तिथे शिरतो आणि तिथून भरल्या पोळ्यात बोगदे पाडत येतो. सातेरी याबाबतीत मेलिफेराइतकी सोशिक नाही. घर बिघडलं की ते सावरत बसण्यापेक्षा ती नवं घर शोधते.

म्हणून मे अखेरीस, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी, एकदा सावकाश पूर्ण तपासणी करावी. वरचा मधकक्ष उतरवून घ्यावा. खालच्या पिल्लांच्या कक्षातला मध मात्र काढू नये. सातेरीसाठी वापरतात त्या ए टाइप पेटीची एक चौकट दोन्ही बाजूंनी भरून मेणाने बंद झालेली असेल तर तिच्यात साधारण पाऊण ते एक किलो मध असतो. पिल्लांच्या दोन्ही कडांना अशी एकेक चौकट सोडली तर जून-जुलैची बरीच काळजी मिटते. हंगामातला शेवटचा मध ओरबाडून काढायचा आणि जुलैत साखरेची पोती आणायची, हा व्यवहार पैशांतही तोट्याचा आहे. मधाइतकं उत्तम खाद्य माशीला दुसरं नाही, आणि ते पोळ्यात आयतं साठवलेलं असतं.

त्याच वेळी काळी पडलेली जुनी पोळी काढून वितळवावीत. माश्या न बसलेल्या पण चांगल्या चौकटी बाजूला काढाव्यात, उरलेल्या एकमेकींना जवळ सरकवाव्यात आणि शेवटच्या चौकटीला लागून डमी फळी, म्हणजे चौकटीच्या मापाची साधी लाकडी फळी, लावावी. फळीपलीकडची जागा रिकामीच ठेवायची. काढलेली चांगली पोळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये २४ तास ठेवली तर मेणकिड्याची अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी कोरडी होईपर्यंत उघडू नये, नाहीतर पोळ्यावर दव धरून बुरशी येते. फ्रीजरची सोय नसेल तर बंद पेटीत गंधकाची धुरी देतात. गंधकाने अळ्या आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत. त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा धुरी दिली नाही तर पहिलं काम वाया गेलं म्हणून समजा.

दुबळ्या वसाहतींचा निर्णयही याच वेळी घ्यायचा. तीन चौकटींहून कमी माश्या असलेली पेटी सह्याद्रीचा पावसाळा काढेल अशी आशा धरू नये. तिला दुसऱ्या पेटीत मिसळावं. आधी दोन्ही पेट्या रोज एक-दोन फूट सरकवत शेजारी आणाव्यात. दोन राण्यांपैकी चांगली अंडी घालणारी ठेवावी. राणी असलेल्या पेटीच्या चौकटींवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरून त्याला टाचणीने पाच-सहा भोकं पाडावीत आणि त्यावर संध्याकाळी दुसऱ्या पेटीचा कक्ष ठेवावा. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हींचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. ज्याने कष्टाने चार पेट्या केल्या त्याला तीन करताना वाईट वाटतं, हे खरं. पण सप्टेंबरात तीन जिवंत पेट्या हातात असल्या की त्यांच्या पाच करता येतात.

पेटीची बैठकही बघून घ्यावी. तोंडाकडची बाजू बोटभर खाली असावी, म्हणजे आत आलेलं पाणी तळपाटावर साचत नाही. छपरावर पत्रा हवा आणि तो तोंडावर चार बोटं पुढे आलेला हवा. दार नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे नको. संपूर्ण पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळणं ही मात्र मोठी चूक. माश्यांच्या श्वासातली आणि पाकातून उडालेली वाफ बाहेर जायला वाट राहत नाही, ती झाकणाला थेंब धरून पोळ्यावर टपकते.

पेटी न उघडता तपासणं

पाऊस चालू असताना पेटी उघडू नये. झाकण काढलं की राखलेली ऊब क्षणात जाते आणि ती परत आणायला माश्यांना साठ्यातला मध जाळावा लागतो. खरं तर बाहेरून बरंच कळतं.

पहिली खूण वजनाची. मागच्या बाजूला हात घालून पेटी दोन बोटं उचलायची. मे अखेरीस भरलेल्या पेटीचा भार हाताने लक्षात ठेवला असेल तर जुलैतला फरक लगेच जाणवतो. पेट्या जास्त असतील तर ताणकाट्याचा हूक मागच्या कडेला अडकवून उचलावी आणि येणाऱ्या आकड्याची दुप्पट धरावी. दर आठवड्याचा आकडा छपराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला तर कोणती पेटी झपाट्याने रिकामी होते आहे ते दिसतं. पत्रा आणि लाकूड पाण्याने भिजून जड होतं, म्हणून वजन उघडीप पडल्यावर, शक्यतो एकाच वेळेला घ्यावं.

दुसरी खूण दाराची. उघडीप पडली की पाच-दहा मिनिटांत माश्या बाहेर पडू लागतात आणि काहींच्या पायांवर पराग दिसतो. पराग आत जातो आहे म्हणजे बहुधा राणी आहे आणि पिल्लं वाढत आहेत. मका, काकडी-भोपळ्याचे वेल, तेरडा, लाजाळू यांच्यावरून पावसातही थोडा पराग येतो. याउलट दाराशी पांढऱ्या, अर्धवट अळ्या बाहेर टाकलेल्या दिसल्या तर दोन शक्यता: आत खायला उरलेलं नाही, किंवा रोग आहे. माश्या दारात सुस्त, थरथरत रांगत असतील तर उपासमार अगदी टोकाला आली आहे.

तिसरी खूण तळपाटावर. दर आठ-दहा दिवसांनी तळपाट ओढून बघावं. सातेरी जुनी पोळी कुरतडते आणि तो भुसा खाली साचतो. मेणकिड्याची वाढ पहिल्यांदा त्याच भुशात होते. काळे बारीक दाण्यांसारखे लेंडके आणि जाळीचे धागे दिसले की तो आत आहेच. भुसा पेटीपासून दूर जाळावा, जवळ झटकू नये. तळपाट घासून कोरडं करून परत लावावं आणि फटी मेणाने बुजवाव्यात. पावसाळ्यातल्या कामांपैकी हे सर्वांत कंटाळवाणं काम आणि सर्वांत मोलाचंही.

पेटी उघडायचीच असेल तर कोरड्या उघडिपीत, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान. थोडा धूर, एकच मधली चौकट आणि एक कडेची, पाच मिनिटांत बंद. मधल्या चौकटीत अंडी शोधायची. पोळ्यातल्या षटकोनी घराच्या तळाशी उभं असलेलं एकेक अंडं दिसलं की राणीला शोधत बसायची गरज नाही. एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही घराच्या भिंतींना चिकटलेली, आणि फुगीर झाकणांची नरांची पिल्लं दिसली तर राणी गेली आहे आणि कामकरी माश्या अंडी घालत आहेत. भर पावसात नवी राणी तयार झाली तरी तिला मिलनासाठी उडता येत नाही आणि त्या दिवसांत नरही मिळत नाहीत. तेव्हा जुलैत राणी गेलेली पेटी मिसळून टाकणं हाच शहाणपणाचा मार्ग.

पाक: जाड का, किती, कसा

बऱ्याच पुस्तिकांत एक भाग साखर, एक भाग पाणी असं प्रमाण असतं. फुलांच्या हंगामाआधी राणीने अंडी वाढवावीत म्हणून देण्यासाठी ते उत्तम आहे. ऐन पावसात मात्र ते पातळ पडतं. का, ते हिशेबाने बघू. माश्यांना साठवायचं म्हणजे पाकातलं पाणी उडवून ते एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर आणावं लागतं. एक किलो साखरेसाठी याचा अर्थ शेवटी फक्त २५० ग्रॅम पाणी उरलं पाहिजे. १ लिटर पाण्यात केलेल्या पाकातून ७५० ग्रॅम पाणी उडवायचं. ६०० मिलिलिटर पाण्यात केलेल्या पाकातून फक्त ३५०, म्हणजे निम्म्याहून कमी. हवेतच ओल गच्च भरलेली असताना पंख मारून पाणी उडवणं किती अवघड असतं, ते वाळत घालूनही न वाळणाऱ्या कपड्यांवरून कळेल. पातळ पाक साठवला तर तो पोळ्यात आंबतो आणि माश्यांना हगवण लागते. दोनास एक हे प्रमाण त्याहून जाड, पण घाटमाथ्याच्या गारव्यात त्यातली साखर बाटलीत खडे धरते. म्हणून जून ते ऑगस्ट १ किलोला ६०० मिलिलिटर हे प्रमाण आम्हाला योग्य वाटतं.

पाणी उकळून गॅस बंद करावा, मग साखर घालून ढवळावी. साखर घातल्यावर पुन्हा उकळू नये. करपलेल्या साखरेत तयार होणारी द्रव्यं माश्यांना विषारी ठरतात. लिंबू, व्हिनेगर, तुरटी काहीही घालू नये. साखर पांढरी, स्वच्छ, साधी किराणा दुकानातली. गूळ किंवा काकवी देण्याचा मोह होतो, ते आपल्याला पौष्टिक वाटतं म्हणून. पण त्यातली क्षारद्रव्यं आणि इतर भाग माशीला पचत नाहीत, तो मळ पोटात साठतो आणि माशी तो फक्त बाहेर उडतानाच टाकते. आठ दिवस झड लागलेली असताना ती अडकते आणि शेवटी पोळ्यावरच घाण करते. बाजारातला किंवा दुसऱ्याच्या पेटीतला मधही देऊ नये, कारण पिल्लं कुजवणाऱ्या रोगांचे जंतू त्यातून येऊ शकतात.

किती द्यायचा? सातेरीच्या एका पेटीला आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखर पुरते. वरच्या प्रमाणात त्याचा पाक जवळजवळ पाव लिटर होतो. दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा द्यावा. दहा पेट्या असतील तर आठवड्याला २ किलो साखर. १५ जून ते १५ सप्टेंबर हे १३ आठवडे सलग द्यावं लागलं तरी २६ किलो होतात. साठा ठेवला असेल तर एवढी लागणार नाही. वजन टिकून असलेल्या पेटीला साठवणीसाठी पाक देऊ नये. जास्त दिला तर माश्या पिल्लांच्या घरांतही तो भरतात आणि राणीला अंडी घालायला जागाच उरत नाही. मग ऑगस्टात भरपूर साखर आणि मूठभर म्हाताऱ्या माश्या अशी पेटी तयार होते.

द्यायची सोपी पद्धत म्हणजे जॅमची बाटली. झाकणाला बारीक खिळ्याने आठ-दहा भोकं पाडायची, पाक गार झाल्यावर काठोकाठ भरायची आणि चौकटींवर ठेवलेल्या दोन पातळ पट्ट्यांवर उलटी ठेवायची. सुरुवातीला काही थेंब पडतात, मग आतली हवा विरळ होऊन पाक थांबतो आणि माशी जीभ लावून तो ओढते. अर्धी रिकामी बाटली पेटीच्या उबेने आतली हवा फुगून गळू लागते, म्हणून लहान बाटली पूर्ण भरून द्यावी, मोठी बाटली अर्धी नको. बाटलीभोवती रिकामा मधकक्ष ठेवावा आणि मोकळी जागा कोरड्या गोणपाटाने भरावी. बाटली नसेल तर नारळाची करवंटी चालते, पण तीत गवताच्या काड्या किंवा काटक्या टाकायलाच हव्यात, नाहीतर सकाळी पाकात बुडालेल्या माश्यांचा थर मिळतो. उरलेला पाक दोन दिवसांनी काढून टाकावा. आंबट वास आलेला तर नक्कीच.

वेळ अंधार पडतानाची. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यायचं. एका पेटीला दिवसा पाक दिला की वास पसरतो, शेजारच्या बळकट पेटीच्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी पेटी दोन तासांत संपते. जमिनीवर थेंब सांडू नयेत, सांडलेच तर पाणी ओतून धुवावेत. दार दोन माश्या जातील एवढंच ठेवावं. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्या पावसात भरून वाहतात आणि कचऱ्याने पूल तयार होतो. त्यापेक्षा पायांना चार बोटं रुंद ग्रीसचा पट्टा द्यावा आणि पेटीला टेकणारं गवत कापत राहावं.

सलग आठवडाभर झड असेल तर पाकापेक्षा खाद्याचा गोळा बरा. घरी दळलेली पिठीसाखर चार भाग, स्वतःच्या निरोगी पेटीतला मध एक भाग, कणकेसारखं घट्ट मळायचं. दुकानातल्या आयसिंग शुगरमध्ये मक्याचं पीठ असतं, ती नको. शंभर ग्रॅमची चपटी वडी बटर पेपरवर ठेवून पिल्लांच्या चौकटींवर उलटी घालायची. हवेतली ओल वडीच शोषून घेते आणि माश्या तिचा मऊ झालेला थर चाटतात. दमटपणाचा उपयोग होण्याची ही एकच जागा.

परागाची उणीव साखरेने भरून निघत नाही. पिल्लांना प्रथिनं लागतात. तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ तीन भाग, निष्क्रिय ब्रुअर्स यीस्ट एक भाग आणि साय काढलेल्या दुधाची पावडर एक भाग हे जुनं मिश्रण पाकात मळून देतात. पावाचं जिवंत यीस्ट वापरू नये. सुपारीएवढा गोळा पुरे, आणि चार-पाच दिवसांत संपला नाही तर बुरशी यायच्या आत काढावा. राणी अंडी घालत असेल आणि दाराशी पराग दिसत नसेल तेव्हाच याचा उपयोग. राणीच थांबली असेल तर आधी कारण शोधावं.

पेटी निघून जाण्याच्या बेतात असेल तर

सातेरी एकाएकी जात नाही, आठ-दहा दिवस आधी खुणा देते. राणी अंडी थांबवते, नवी अळी दिसत नाही, पराग येणं बंद होतं, साठा संपतो. बंद घरांतली शेवटची पिल्लं बाहेर पडली की वसाहत निघते. या टप्प्यावर दुसऱ्या निरोगी पेटीतली उघड्या अळ्यांची एक चौकट मध्यभागी दिली तर माश्या बहुधा थांबतात, कारण भुकेली पिल्लं सोडून त्या सहसा जात नाहीत. सोबत त्याच रात्री पाक द्यावा आणि मेणकिडा लागलेलं पोळं काढावं. दाराला राणी अडवणारी जाळी लावून चार दिवस मिळतात, पण मूळ कारण दूर केलं नाही तर जाळी काढताच पेटी रिकामी होते.

माश्या घरांत डोकं खुपसून निपचित पडलेल्या दिसल्या तर पाक जिभेपर्यंत पोचवावा लागतो. कोमट पातळ पाक फवारणीच्या बाटलीने अगदी हलका शिंपडावा, एका रिकाम्या पोळ्याच्या घरांत पाक धारेने भरून ते माश्यांना चिकटून ठेवावं आणि पेटी घरात कोरड्या जागी, दार जाळीने बंद करून, रात्रभर ठेवावी. सकाळपर्यंत हालचाल दिसली तर वसाहत वाचली.

अळ्या घरात होडीसारख्या टोक वर करून मेलेल्या आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारख्या बाहेर येत असतील तर तो थाई सॅकब्रूड. १९९१-९२ पासून या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. त्यावर औषध नाही, साखरही नाही. अशा पेटीची चौकट, बाटली, हातमोजे काहीही दुसऱ्या पेटीत नेऊ नये आणि ती पेटी कुणात मिसळूही नये.

ज्यांना जमेल त्यांनी जूनच्या सुरुवातीला काही पेट्या पावसाच्या आडोशाला न्याव्यात. महाबळेश्वरहून पाचगणी आणि पुढे वाईकडे उतरत गेलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. नवी जागा निदान तीन-चार किलोमीटर दूर हवी, नाहीतर माश्या जुन्या जागी परततात. पिकांवर फवारणी कधी होते ते शेतकऱ्याला आधीच विचारून घ्यावं.

ऑगस्ट अखेरीस उघडीप वाढते, पठारांवर सोनकी पिवळी होऊ लागते, आणि कारवी फुलायचं वर्ष असेल तर रानाचा रंगच बदलतो. आता पाक एकास एक करावा, शंभर-शंभर मिलिलिटर, एक दिवसाआड, दोन-तीन आठवडे. राणी जोर धरते आणि तीन आठवड्यांनी नव्या माश्या बाहेर पडू लागतात. याच सुमारास गांधीलमाश्या दाराशी घिरट्या घालतात, त्यामुळे दार अजून मोठं करू नये. पोळ्याच्या वरच्या कडेला ताजं पांढरं मेण दिसलं किंवा चौकट आडवी धरून हलवल्यावर पातळ मकरंदाचे थेंब पडले, की त्या दिवसापासून पाक बंद. मधकक्ष त्यानंतरच चढवायचा आणि तोही आधी पिल्लांच्या कक्षातला उरलेला पाक खाऊन संपू देऊन. उसाची साखर मधात उतरली तर प्रयोगशाळेत ती ओळखू येते, आणि ग्राहकाने मधाचे पैसे दिलेले असतात.